उभ्या गाडीची स्प्रिंग का मोडते?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत : काहीही पूर्वसूचना नसताना गाडीचे सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि सांगाडा यांच्यामधली धक्के झेलणारी यंत्रणा, अचानक निकामी झाले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : रात्री व्यवस्थित उभी केलेली मोटार सकाळी पुढच्या डाव्या बाजूला खाली बसलेली दिसली. तपासल्यावर त्या चाकाची कॉइल स्प्रिंग सर्वांत खालच्या वेढ्यापाशी मोडल्याचे आढळले. आदल्या दिवशी गाडी कोठेही आदळलेली नव्हती. उभ्या गाडीची स्प्रिंग मोडू शकते का?

उत्तर : मोडू शकते. स्प्रिंग मोडण्याच्या ज्या तऱ्हा गॅरेजमध्ये नेहमी पाहायला मिळतात, त्यांपैकी ही एक आहे. गाडी उभी असते तेव्हा स्प्रिंगवर काही भार नसतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या कोपऱ्यावर येणारे गाडीचे वजन ती अहोरात्र पेलत असते. चालत्या गाडीत या स्थिर भारावर खाचखळग्यांमुळे होणारे चढउतार येऊन पडतात, एवढाच फरक. त्यामुळे मोडण्याच्या क्षणी गाडी धावत होती की उभी होती, हा तपासाचा खरा मुद्दा नव्हे. तारेत भेग केव्हापासून होती आणि ती कशामुळे पडली, हे विचारायला हवे.

कॉइल स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार प्रामुख्याने पिळली जात असते. पिळलेल्या तारेत सर्वाधिक ताण पृष्ठभागावर असतो आणि गाभ्यात तो फार कमी असतो. स्प्रिंगचे सारे बरेवाईट तिच्या पृष्ठभागावर ठरते, ते यामुळेच. कारखान्यात तयार स्प्रिंगवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभागाच्या पातळ थरात दाब साठून राहतो आणि भेग उघडण्याला विरोध होतो. त्यावर गंज रोखणारा लेप असतो. रस्त्यावरून उडालेल्या खड्याने हा लेप टवका उडावा तसा निघतो, उघड्या पोलादाला ओल लागते, गंजाचा एक बारीक खळगा तयार होतो आणि त्या खळग्याच्या तळाशी ताण एकवटतो. सर्वांत खालचा वेढा बैठकीवर टेकलेला असतो. तेथे चिखल साचतो, पाणी लवकर वाळत नाही, आणि गाडी वरखाली होताना मधल्या वाळूने लेप घासला जातो. आपली स्प्रिंग नेमकी तेथेच मोडली, हे या घटनाक्रमाशी पूर्णपणे जुळते. समुद्रालगत, किंवा बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात अशा प्रदेशात, हीच प्रक्रिया अधिक वेगाने घडते.

यापुढची अवस्था धातूच्या थकव्याची. हाताने पुन्हापुन्हा वाकवली की लोखंडी तार तुटते, हे सर्वांना माहीत असते. परंतु तेथे तार वाकताना आपल्याला दिसते. स्प्रिंगच्या बाबतीत प्रत्येक हेलकाव्यातील ताण पोलादाच्या मोडण्याच्या मर्यादेपेक्षा बराच कमी असतो, आकारात काहीही बदल दिसत नाही, आणि तरीही लक्षावधी हेलकाव्यांमध्ये भेग कणाकणाने आत सरकत राहते. हे ज्ञान अभियंत्यांना मोठी किंमत मोजून मिळाले आहे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात व आगीत 50हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट वोलर याने 1850 आणि 1860च्या दशकांत आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवून दिले, की एका दमात सहज पेलता येणारा भार असंख्य वेळा येत राहिला तर तोच पोलादाला मोडू शकतो. आपल्या मोटारीतील स्प्रिंगला हाच नियम लागू आहे.

गंजाचा परिणाम केवळ खळग्यापुरता नसतो. स्प्रिंगच्या तारेतील ताण तारेच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. समजा, 12 मिलिमीटर जाडीची तार सर्व बाजूंनी झिजून 10.8 मिलिमीटर उरली, म्हणजे जाडी फक्त 10 टक्के कमी झाली. तेवढ्याने त्याच भाराखाली तारेतील ताण सुमारे 37 टक्क्यांनी वाढतो. थकव्याच्या बाबतीत ताण थोडा वाढला तरी आयुष्य कित्येक पटींनी घटते, त्यामुळे ‘थोडा गंज आहे, चालेल’ हे वाक्य स्प्रिंगबद्दल ऐकले की मला काळजी वाटते. गाडीचे वजन कमी राखण्यासाठी हल्लीच्या स्प्रिंगा बारीक तारेच्या आणि अतिशय कणखर पोलादाच्या करतात. असे पोलाद जितके कणखर, तितके ते ओरखडा सहन करण्यात कमी उदार असते. शिवाय गंजण्याच्या क्रियेत मोकळा होणारा हायड्रोजन अशा पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. ओल असेल तर भेग निव्वळ स्थिर भाराखालीही पुढे सरकू शकते.

शेवटी उरलेला धड भाग गाडीचे वजन पेलायला अपुरा पडतो आणि तार एका क्षणात तुटते. तो क्षण गतिरोधक ओलांडताना येईल, चाक पूर्ण वळवून गाडी जागेवर लावताना येईल किंवा थंडीच्या पहाटे गाडी उभी असतानाही येईल. गॅरेजमधून मोडलेला तुकडा अवश्य मागून घ्यावा आणि त्याचे तोंड पाहावे. तेथे काठापाशी काळपट किंवा तांबूस झालेला, तुलनेने गुळगुळीत भाग दिसला, तर ती जुनी भेग होय. उरलेला राखाडी, खरबरीत, चमकदार भाग हा अखेरच्या तुटीचा. जुना भाग दिसत असताना दोष आदल्या दिवशीच्या रस्त्यावर किंवा चालकावर टाकण्यात अर्थ नाही.

प्रश्न : अगदी कमी वेगात वळण घेत असताना पुढचे एक चाक बाहेर फाकले आणि गाडी त्या बाजूला रस्त्यावर टेकली. बॉल जॉइंट (चाक आणि सस्पेन्शन यांना जोडणारा फिरता सांधा) निसटला असे सांगण्यात आले. त्याच्या थोडेच दिवस आधी गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. हा दोष त्या वेळी दिसायला नको होता का?

उत्तर : दिसायला हवा होता, मात्र तो दिसण्यासाठी जी तपासणी करावी लागते, ती नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये घाईघाईने उरकली जाते किंवा होतच नाही. सस्पेन्शनमधील ज्या बिघाडांमुळे जीव जाऊ शकतो, त्यांत मी बॉल जॉइंटला सर्वांत वर ठेवीन. स्प्रिंग मोडली तरी गाडी बहुधा आपल्या ताब्यात राहते. बॉल जॉइंट सुटला की चाकाला दिशा देणारा आधारच नाहीसा होतो. चाकाबरोबर ब्रेकची नळी ओढली जाऊन फाटू शकते, आणि पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्टही जागेवरून निघू शकतो.

जॉइंटची रचना साधी आहे : एका वाटीत बसवलेला, दांडा असलेला पोलादी गोळा, भोवती ग्रीस आणि सर्वांवर रबरी बूट. बिघाडाची सुरुवात जवळजवळ नेहमीच या बुटापासून होते. बूट चिरला की ग्रीस बाहेर येते आणि पाणी व वाळू आत जाते. त्यानंतर गोळा आणि वाटी एकमेकांना झिजवू लागतात, आणि झिजत झिजत वाटीचे तोंड इतके सैल होते, की गोळा त्यातून ओढला जाऊ शकतो. ज्या रचनेत गाडीचे वजन गोळ्याला वाटीबाहेर ओढण्याच्या दिशेने काम करते, तेथे धोका विशेष असतो. कमी वेगातील वळणावरच हे का घडले, याचेही उत्तर यात आहे. चाक पूर्ण वळलेले असताना जॉइंट आपल्या टोकाच्या कोनात असतो, आणि टायर रस्त्यावर आडवा घासत असल्याने बाजूचा जोर मोठा असतो.

आता तपासणीविषयी. चाक हवेत उचलून वरून आणि खालून धरून हलवले म्हणजे तपासणी झाली, असे मानले जाते; परंतु जॅक कोठे लावला यावर तिचे सारे मोल अवलंबून असते. स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर) टेकलेली असेल, तर जॅक त्या आर्मखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावावा लागतो. तसे न करता गाडीचा सांगाडा उचलला, तर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट घट्ट धरला जातो आणि झिजलेला असूनही हलत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) रचनेत वजन स्ट्रटमधून वर जाते. तेथे उलट सांगाडा उचलून चाक लोंबकळत ठेवून पाहायचे असते. एकच पद्धत सर्व गाड्यांना लावणारा मेकॅनिक कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या नजरेतून झिजलेला जॉइंट सुटू शकतो. बूट धड आहे का, हे मात्र टॉर्चच्या उजेडात कोणालाही पाहता येते.

आणखी एक शक्यता आपल्या पत्रात सूचित होते, म्हणून लिहितो. त्या सर्व्हिसिंगमध्ये लोअर आर्म किंवा स्ट्रट काढून परत बसवला असेल, तर जॉइंटचा दांडा आवळणारा बोल्ट नीट बसला होता का, हे तपासावे. काही गाड्यांत हा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जातो. दांडा पुरेसा वर गेला नसेल, तर बोल्ट खाचेबाहेरून आवळला जातो; वरवर पाहता सर्व काही घट्ट वाटते आणि दांडा पुढे निसटतो. जेथे नटाला स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी पिन) असते, तेथे ती नवीनच घालावी. एकदा वापरायचे सेल्फ-लॉकिंग नट पुन्हा वापरू नयेत.

प्रश्न : एकाच खोल खड्ड्यात चाक आदळून स्ट्रट वाकला. इतर गाड्या त्याच खड्ड्यातून सुखरूप गेल्या. एका धक्क्याने एवढे नुकसान होते का, की माझ्या गाडीत आधीपासून काही दोष असावा?

उत्तर : एका धक्क्यानेही होते. येथे ‘वाकला’ हा तपशील महत्त्वाचा आहे. थकव्याने गेलेला भाग आकार न बदलता तुटतो. जबर धक्क्याने गेलेला पोलादी भाग बहुधा आधी वाकतो, आणि त्याने तसे वाकावे अशीच रचनाकारांची इच्छा असते, कारण भाग वाकला तर चाक जागेवर राहते आणि तुटला तर राहत नाही.

इतर गाड्या सुखरूप गेल्या, याची कारणे मात्र आपल्या गाडीतही शोधावीत. सस्पेन्शनला दाबले जाण्यासाठी ठरावीक अंतर असते आणि त्याच्या शेवटी रबराचा किंवा फोमचा बम्प स्टॉप धक्का झेलतो. बरीच वर्षे वापरलेल्या गाडीत हा बम्प स्टॉप धूळरोधक आवरणाखाली चुरा होऊन पडलेला असतो आणि कोणी तो बदलत नाही. तो नसेल, तर दाबले जाण्याच्या अंतराच्या शेवटी धातूवर धातू आदळतो आणि भार एकदम उसळतो. गाडीत वजन जास्त असेल तर दाबले जाण्याचे अंतर आधीच खर्ची पडलेले असते. कमी उंचीच्या कडेचे टायरही धक्का फारसा शोषत नाहीत. शेवटचा मुद्दा ब्रेकचा : खड्डा दिसल्यावर आपण ब्रेक दाबतो, ते योग्यच आहे, पण चाक खड्ड्यात जाईपर्यंत तो दाबून धरला तर गाडीचे नाक खाली झुकलेले राहते, पुढच्या स्प्रिंगा अर्ध्याअधिक दाबलेल्या असतात आणि धक्का झेलायला अंतर उरत नाही. वेग आधी कमी करावा आणि खड्ड्याच्या काठाशी पोहोचण्यापूर्वी ब्रेक सोडावा. मागून येणारे वाहन आणि शेजारचा रस्ता पाहिल्यावाचून हे करू नये, हे वेगळे सांगायला नको.

वाकलेला स्ट्रट किंवा आर्म तापवून, ठोकून सरळ करून घेऊ नका. तापवल्याने पोलादाचे गुण बदलतात, आणि सरळ केलेल्या जागी थकव्याची भेग सुरू व्हायला पोषक अवस्था तयार होते. ॲल्युमिनिअमच्या आर्मबाबत तर हा विचारही मनात आणू नये. नवीन भाग बसवल्यावर चाकांचे अलाइनमेंट (कोनांची जुळणी) करून घ्यावे. ते ठरलेल्या मर्यादेत बसतच नसेल, तर आणखी काहीतरी वाकलेले आहे.

प्रश्न : माझ्या मालवाहू गाडीला मागे पाटे (एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. पाटे दबू लागले म्हणून एक जादा पाटा घालून घेतला. त्यानंतर काही काळाने मुख्य पाटा मध्यभागी, सेंटर बोल्टच्या भोकापाशी मोडला. जादा पाट्याने ताकद वाढायला हवी होती, मग असे का झाले?

उत्तर : सेंटर बोल्टच्या भोकाशी मोडलेला पाटा पाहिला, की प्रथम संशय यू-बोल्टवर घ्यावा. पाट्यांचा जुडगा आसावर घट्ट दाबून धरण्याचे काम यू-बोल्ट करतात. ते घट्ट असतात तोवर मधला भाग जवळपास वाकतच नाही आणि भोकामुळे आलेला कच्चेपणा झाकला जातो. ते सैल पडले, की वाकण्याचा सारा जोर पाट्यातील सर्वांत कमकुवत जागेवर, म्हणजे भोकावर येतो. पाटे नव्याने बांधल्यानंतर सुरुवातीच्या वापरात थर एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट थोडे ढिले होतात. म्हणूनच काही अंतर चालवून ते गाडीच्या माहितीपुस्तिकेतील मापानुसार, भार घातलेल्या अवस्थेत पुन्हा आवळावे लागतात. आपल्याकडे जादा पाटा घातल्यावर ते झाले नसावे, असा माझा अंदाज आहे. जुन्याच यू-बोल्टचे आटे नव्या जाडीला पुरले होते का, हेही पाहावे.

जुडग्याला बांधणाऱ्या क्लिपा मोडून पडल्या असतील, तर त्याही तपासा. चाक उसळून खाली येताना पाटे उलट दिशेला वाकतात. क्लिपा असतील तर तो भार सर्व पाटे वाटून घेतात, नसतील तर तो एकट्या मुख्य पाट्याला सोसावा लागतो.

जादा पाट्याच्या कल्पनेलाच माझा विरोध आहे. पाटा वाढवल्याने जुडगा ताठ होतो, परंतु पाट्यांना सांगाड्याशी जोडणारे शॅकल, त्याची पिन व हँगर, आस, टायर आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. गाडी आता दबत नाही, म्हणून चालक अधिक माल भरतो, आणि पूर्वी पाटे दबून जो इशारा देत होते, तो बंद होतो. पाटे दबले असतील तर ठरलेल्या संख्येचा, ठरलेल्या जाडीचा नवीन जुडगा बसवावा. मुख्य पाटा मोडला आणि आस तिरका सरकला तर गाडी एका बाजूला ओढते. भरलेली गाडी उतारावर असताना असे झाले तर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

प्रश्न : एअर सस्पेन्शनची गाडी एक रात्र उभी राहिली की एका कोपऱ्यात बसते, सुरू केल्यावर पुन्हा उचलली जाते. असेच चालवत राहिले तर काय होईल?

उत्तर : बहुधा हवा भरणारा कॉम्प्रेसर जळेल. स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी फुग्याला घड्यांपाशी बारीक चिरा पडल्या आहेत किंवा नळीच्या जोडातून हवा गळते आहे. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वेळ चालतो आहे. साबणाचे पाणी लावून गळती शोधता येते. कॉम्प्रेसर गेल्यानंतर केवळ तोच बदलला आणि गळती तशीच राहिली, तर नवीनही त्याच मार्गाने जातो. उचललेल्या स्थितीतील अशा गाडीखाली पक्के स्टँड लावल्याशिवाय हात किंवा डोके कधीही घालू नये, कारण हवा सुटली की गाडी खाली येताना थांबत नाही.

प्रश्न : शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळते आहे. तो अचानक मोडण्याचा धोका आहे का? आणि एका बाजूची स्प्रिंग मोडली तर दुसरीही बदलावी का?

उत्तर : शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही, स्प्रिंगचे हेलकावे आटोक्यात आणतो, त्यामुळे त्याचा बिघाड हळूहळू वाढत जातो. परंतु तेल गेलेला शॉक ॲब्सॉर्बर हेलकावे थांबवत नाही, एका धक्क्यानंतर स्प्रिंग अनेकदा वरखाली होत राहते, बम्प स्टॉपवर वारंवार आदळते, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेला थकवा अधिक लवकर येतो. त्याशिवाय टायरची रस्त्यावरची पकड सुटल्याने ब्रेक लागण्याचे अंतर वाढते. म्हणून तो बदलणे पुढे ढकलू नये. गाडीचा कोपरा हाताने दाबून ती किती वेळा हलते हे पाहण्याची रीत प्रचलित आहे. तिच्यात पूर्ण निकामी झालेला शॉक ॲब्सॉर्बर कळतो, अर्धवट झिजलेला कळत नाही. दांड्यावरचे ओले, धूळ चिकटलेले तेल हा अधिक भरवशाचा पुरावा आहे.

स्प्रिंग बदलताना त्या आसावरच्या दोन्ही बदलाव्यात. दुसरीनेही तेवढेच अंतर, तीच ओल आणि तोच भार सोसलेला असतो, आणि नवी व जुनी यांच्या उंचीत फरक राहिला तर गाडी तिरकी उभी राहते. स्प्रिंग मोडल्यावर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळावा : काही रचनांत तुटलेले टोक बैठकीवरून सरकून टायरमध्ये घुसू शकते, त्यामुळे गाडी उचलूनच न्यावी. स्ट्रटवरची स्प्रिंग काढताना ती मोठ्या दाबाखाली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे अवजार) नीट न लावता वरचा नट सोडला, तर ती गोळीसारखी सुटते आणि समोरच्या माणसाला गंभीर इजा होते, म्हणून हे काम हाताशी योग्य अवजारे आणि अनुभव असणाऱ्याकडूनच करून घ्यावे.